सायकलीला दाते किती असावेत?

ठाकुर्लीहून कल्याणकडे गेलेला लोहमार्ग पुढे दोन फाटे फुटून दोन घाटांना भिडतो. एक कसाऱ्यापुढचा थळ घाट, दुसरा कर्जतपुढचा बोर घाट. दोन्हींचा चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर अंतर तोडताना गाडी १ मीटर वर चढते. या मार्गावर दिसणारी मालगाडीचे डब्ल्यूएजी-९ आणि प्रवासी गाडीचे डब्ल्यूएपी-७ ही विजेची इंजिने एकाच घराण्यातली. त्यांतला मुख्य फरक दातेरी चाकांच्या जोडीत आहे. डब्ल्यूएजी-९ मध्ये मोटरकडच्या चाकाला १५ आणि आसावरच्या चाकाला ७७ दाते असतात. डब्ल्यूएपी-७ मध्ये हेच आकडे २० आणि ७२. गुणोत्तरे झाली ५.१३ आणि ३.६. पहिले इंजिन सुटताना सुमारे ४६० किलोन्यूटन बलाने ओढते, दुसरे सुमारे ३२३. उलट पहिल्याची वेगमर्यादा ताशी १०० किमी, दुसऱ्याची १४०. ज्या पटीने ओढ वाढली, जवळजवळ त्याच पटीने वेग घटला. गियरमधून फुकट काही मिळत नाही. एक देऊन दुसरे घ्यायचे असते.

एकाच गियरच्या सायकलीपुढे नेमका हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की मोटर भराभर फिरते म्हणून तिचे चाक लहान, तर पाय सावकाश फिरतात म्हणून पायडलकडचे चाक मोठे.

समजा, पुढच्या चाकाला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ४४ ÷ १८ = २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले, तर वेग ताशी १९ किमी भरतो. मागे २२ दात्यांचा फ्रीव्हील बसवला तर गुणोत्तर २, एका फेऱ्यातील अंतर ४.४ मीटर आणि वेग ताशी १६ किमी.

मग चांगले कोणते? उत्तर चालवणाऱ्यावर आणि रस्त्यावर अवलंबून आहे. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. अशाच एका मुलीचा हिशेब करू. मुलीचे वजन ३५ किलो. सायकल आणि दप्तर मिळून २५ किलो. एकूण ६० किलो. रस्त्याचा चढ १५ ला १ आहे. चढावर मागे खेचणारे बल ६० × ९.८ ÷ १५, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन. चाकांच्या घर्षणाचे ६ न्यूटन मिळवून ४५ न्यूटन झाले. ४४-१८ च्या सायकलीवर पायडलच्या एका फेऱ्यात ४५ × ५.४, म्हणजे सुमारे २४३ ज्यूल कार्य करावे लागेल.

ती किती कार्य करू शकते? सीटवरून उठून तिने सगळा भार पायडलवर टाकला, तर तो ३५ × ९.८ = ३४३ न्यूटन. क्रँकची लांबी १७ सेंमी धरली तर पायडल वरून खाली ३४ सेंमी येते. एका फेऱ्यात दोन्ही पायांचे मिळून ६८ सेंमी झाले. कार्य ३४३ × ०.६८ = २३३ ज्यूल. म्हणजे हँडल ओढून जोर लावला नाही, तर केवळ वजनाच्या बळावर सायकल चढणार नाही. मुलगी उतरून सायकल हातात धरून चालू लागते आणि आपण म्हणतो, तिच्या अंगात जोर नाही! मागे २२ दाते असते, तर ४५ × ४.४ = १९८ ज्यूल पुरले असते. चेनमधील घर्षण येथे सोडून दिले आहे. ते धरले तर ४४-१८ चे पारडे आणखी हलके होते.

या सोयीची किंमत किती? सपाट रस्त्यावर त्याच ६० फेऱ्यांनी ५ किमी जायला साडेपंधराऐवजी सुमारे १९ मिनिटे लागतील. साडेतीन मिनिटे जास्त, पण चढ बसून पार. फ्रीव्हील बदलणे हे सायकल दुकानातले नेहमीचे काम आहे; दाते वाढले की चेन मात्र थोडी वाढवावी लागते.

फिक्स्ड गियर सायकलीचा हिशेब याहून अवघड. तिला फ्रीव्हील नसतो. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच. विजेच्या इंजिनाचेही असेच आहे. उतारावर चाके मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते आणि गाडीला रोध मिळतो. सायकलीवर हे काम पायांना करावे लागते. ताशी ३० किमी वेगाने उतरताना ४४-१८ ला मिनिटाला सुमारे ९३ फेरे पडतात, ४४-२२ ला ११४. चढाला सोपा गियर उताराला पायांची दमछाक करतो. म्हणून येथे मधला आकडा शोधावा लागतो. आणि पायांनी वेग आवरता येतो म्हणून पुढचा ब्रेक मात्र कधीही काढू नये.

आणखी एक गंमत. पाय रोखून मागचे चाक घसरवत थांबणारा स्वार बहुधा तोच पाय पुढे ठेवून थांबतो. ४४-२२ असेल तर गुणोत्तर पूर्णांक २. दर वेळी टायरचा तोच भाग रस्त्यावर घासतो. ४४-१८ ला संक्षेप दिला की २२/९ येतात. झीज ९ जागी वाटली जाते. संक्षिप्त अपूर्णांकाचा छेद हीच जागांची संख्या. मसावि शिकवताना याहून चांगले उदाहरण कोठे मिळेल?

वर्गासाठी प्रयोग : शाळेच्या सायकलतळावरील दहा सायकलींचे पुढचे-मागचे दाते मुलांकडून मोजून घ्यावेत. पायडलचा एक फेरा देऊन सायकल किती पुढे गेली, ते टेपने मोजावे आणि गणिताने आलेल्या उत्तराशी ताडून पाहावे. मग शाळेच्या वाटेवरचा सर्वांत मोठा चढ मोजून प्रत्येकाने आपल्या वजनाला योग्य दाते काढावेत.