गाडीचा ए.सी. गार हवा देईना? गॅस भरण्याआधी करंट तपासा



गाळप हंगाम आटोपला की लग्नसराई लागते. एरवी शेडमध्ये उभी असणारी चारचाकी रोज बाहेर निघते. भर उन्हात ए.सी.चे बटण दाबावे तर तोंडावर नुसती गरम हवा येते. गाडी गॅरेजला नेली की पहिले वाक्य ठरलेले, "गॅस संपलाय, भरून टाकू." गॅस भरला जातो, पैसे मोजले जातात, आणि गाडी मात्र आठ दिवसांनी पुन्हा तापते. काही सभासदांना हा फेरा दर उन्हाळ्यात पडतो, म्हणून हा लेख.

गॅस ही डिझेलसारखी जळून संपणारी वस्तू नव्हे. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत असतो. रबरी होजमधून आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो एवढेच. त्याहून लवकर कमी झाला तर कुठेतरी गळती आहेच आणि ती न काढता गॅस भरणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे. पण पुष्कळदा गॅस जागेवर असतो आणि तो फिरवणारा कॉम्प्रेसरच करंटअभावी उभा असतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ज्याने उघडून पाहिला आहे, त्याला ही भानगड समजायला अवघड जाणार नाही.

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. १९४० सालच्या अमेरिकेतील पॅकार्ड मोटारीत कारखान्यातूनच ए.सी. बसवून मिळू लागला, तेव्हा त्याला क्लच नव्हता. थंडीत तो बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा हाताने काढावा लागे! आता पुलीच्या तोंडाशी विद्युतचुंबकी क्लच असतो. पुली सदैव फिरते. कॉईलला करंट मिळाला की पुढची चकती "टक्" करून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो.

हा करंट बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेत, रिलेतून क्लचच्या कॉईलला आणि तेथून इंजिनाच्या अंगावाटे अर्थला जातो. रिले म्हणजे आपल्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टरच. थोड्या करंटने त्याची कॉईल भरते आणि ती मोठ्या करंटचा रस्ता जोडते. स्टार्टरमध्ये जसा ओव्हरलोड आणि सिंगल फेजचा प्रिव्हेंटर कॉईलच्या वाटेत बसून "आता नको" म्हणू शकतो, तसेच इथेही पहारेकरी आहेत. गॅसचा दाब पाहणारा प्रेशर स्विच, कूलिंग कॉईलवर बर्फ धरू नये म्हणून बसवलेला थर्मिस्टर, ब्लोअरचे बटण, इंजिनाचे तापमान. नव्या गाड्यांत या सर्वांचे म्हणणे गाडीचा कॉम्प्युटर ऐकतो आणि मग रिलेला हुकूम देतो. यातल्या एकानेही नकार दिला तर क्लच ओढत नाही.

म्हणून तपासणीची सुरुवात डोळ्यांनी करावी. गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलला लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन चालू, ए.सी. चालू, ब्लोअर चालू. बोनेट उघडून लांबूनच क्लचकडे बघा. पुलीच्या मधली चकती फिरते का? उपरण्याचे टोक, साडीचा पदर, हात, काही पट्ट्याजवळ नेऊ नका. रेडिएटरचा पंखा तर न सांगता अचानक सुरू होतो.

चकती फिरते आणि फिरतच राहते, तरी हवा गरम, असे असेल तर क्लचपर्यंतची वीज ठीक आहे. दोष बहुधा दुसरीकडे. चकती अजिबात हलत नसेल तर आधी फ्यूज पाहा. तो गेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला, तार गुंडाळू नका. पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी घासून अंगाला लागली आहे किंवा कॉईल जळाली आहे. मग रिले. अनेक गाड्यांत हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले त्याच नंबरचा असतो. नंबर तंतोतंत जुळत असेल तरच अदलाबदल करून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे आणि फुकट आहे.

इथवर सर्व ठीक असेल तर प्रेशर स्विचकडे यावे. गॅसचा दाब साधारण २ किलोच्या खाली गेला किंवा ३० किलोच्या वर चढला, की हा स्विच क्लच तोडतो. गाडीगणिक आकडे थोडे बदलतात. म्हणजे गॅस खरोखर गेला असला तरी लक्षण तेच, क्लच ओढत नाही. मग ओळखायचे कसे? गेज लावून. आजही आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आहे. इंजिन बंद, गाडी गार, हवा ३० अंश असेल, तर या गॅसचा दाब सुमारे ९५ पौंड, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास दिसला पाहिजे. एवढा दिसला म्हणजे गॅस पुरेपूर आहे असे नव्हे, पण रिकामा निश्चित नाही, आणि क्लच न ओढण्याचे कारण वीज आहे. दाब १०-२० पौंडच दिसला तर गळती शोधा. गेज न लावता जो "गॅस संपलाय" म्हणतो, त्याला नम्रपणे गेज लावायला सांगावे.

याच स्विचवरून एक घातक प्रकार चालतो. स्विचचा कपलर काढून दोन टोके तारेने जोडून देतात, क्लच ओढतो, सगळे खूश. आपल्याच भागातील एका सभासदाच्या गाडीला एका मेकॅनिकने असेच करून दिले होते. गॅस खरोखर कमी होता. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते; गॅस नाही तर तेलही परत येत नाही. महिन्याभरात कॉम्प्रेसर जाम झाला. त्यातला धातूचा चुरा नळ्यांत गेल्याने कंडेन्सरही बदलावा लागला. फ्लोट स्विच जोडून टाकून कोरड्या विहिरीत मोटार चालवण्याचाच हा प्रकार.

आता सर्वांत फसवा दोष. क्लचचा कपलर सोडवून मल्टीमीटर लावला, मीटर पुरे १४ व्होल्ट दाखवतो. मेकॅनिक म्हणतो, "करंट येतोय, कॉईल गेली." थांबा. शेतातल्या केबलचा एकच तंतू शिल्लक असला तरी टेस्टर पेटतो, पण मोटार ओढत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तेच होते. चांगल्या कॉईलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो. ३.६ धरला तर १४ व्होल्टला जवळजवळ ४ अँपिअर करंट जातो. वाटेत गंजलेल्या कपलरने किंवा हिरव्या पडलेल्या अर्थने २ ओहमची भर घातली, की करंट अडीच अँपिअरवर येतो आणि कॉईलच्या वाट्याला ९ व्होल्टच उरतात. चकती ओढली जात नाही, किंवा ओढून सुटते. कपलर सोडलेला असताना करंट वाहतच नाही, म्हणून मीटरला हा दोष दिसत नाही. कपलर जोडलेला, ए.सी. चालू, अशा स्थितीतच मोजावे. एक टोक कॉईलच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवले असता पाव व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थ घासून स्वच्छ करा. पॉझिटिव्ह बाजूही तशीच, टप्प्याटप्प्याने. आमच्या मते क्लच न ओढणाऱ्या गाडीची ही तपासणी झाल्याशिवाय कोणताही महागडा भाग बदलू देऊ नये.

सकाळी गार, दुपारी तासभर चालल्यावर गरम, सावलीत थांबून पुन्हा ठीक, हे लक्षण घिसलेल्या क्लचचे असते. चकती आणि पुलीमधली फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी. झिजून ती वाढते. तांबे तापले की रोध वाढतो, ८० अंश चढले तर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने. करंट घटतो, आणि वाढलेल्या फटीपलीकडून चकती ओढवत नाही. फीलर गेजने फट मोजून पुष्कळ क्लचमध्ये आतली पातळ वायसर काढली की काम होते. अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते.

रस्त्यावर पळताना गार आणि फाटकापाशी थांबले की गरम होत असेल तर कंडेन्सरचा पंखा पाहा. ए.सी. लावल्यावर तो फिरला पाहिजे. पंखा ठीक असेल तर जाळीत पाचटाची भुशी अडकली आहे का ते बघा. आपल्या भागात ती हमखास असते. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवरच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळाला आहे, मोटार नव्हे.

उसाची तोड झाली की फडातले उंदीर वस्तीकडे येतात आणि उबेला बोनेटखाली शिरतात. वायरी कुरतडणे हा त्यांचा धंदाच. तोडीनंतर एकदा तरी बोनेट उघडून लेंड्या आणि उघडी तार दिसते का पाहावे. कुरतडलेली तार नुसती पिळून टेप मारू नये. झाळून त्यावर स्लीव्ह चढवावी.

काही गोष्टींना दोष समजू नये. घाटात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला किंवा इंजिन फार तापले की कॉम्प्युटर मुद्दाम ए.सी. तोडतो. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तेथे "टक्" ऐकू येणारच नाही.

आणि हात कुठे लावायचा नाही तेही सांगतो. कॉम्प्युटरच्या वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये, मल्टीमीटरच वापरावा. डॅशबोर्डखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, ते सोडवू नयेत. गॅसचे नट स्वतः ढिले करू नयेत. द्रव गॅस उडाला तर कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो. आणि गाडी बॅटरीवर चालणारी किंवा हायब्रीड असेल तर वरचे काहीच करू नका. बॅटरीवरच्या गाड्यांत आणि बऱ्याच हायब्रीडमध्ये ए.सी.चा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो, त्याची केबल नारिंगी रंगाची असते, आणि ती कंपनीच्या प्रशिक्षित माणसानेच हाताळायची असते.