बालकांचे हक्क आणि राज्यसंस्थेचे अधिकार : आयर्लंडच्या सार्वमताचा अर्थ

बालकाच्या हिताची अंतिम जबाबदारी कोणाची, आई-वडिलांची की राज्यसंस्थेची, हा प्रश्न कोणत्याही लोकशाही देशाला टाळता येत नाही. बहुतेक देशांत त्याचे उत्तर कायदेमंडळ किंवा न्यायालय देते. आयर्लंडमध्ये मात्र १० नोव्हेंबर २०१२ रोजी हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या घटनेवरून घेण्यात आली आहे. त्यामुळे त्या देशातील हा घटनात्मक प्रयोग भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

आयर्लंडची राज्यघटना १९३७ साली अमलात आली. तिच्या अनुच्छेद ४१ मध्ये कुटुंबाला समाजाचा नैसर्गिक व मूलभूत घटक मानले असून त्याचे हक्क कायद्याहून श्रेष्ठ असल्याचे म्हटले आहे. न्यायालयांनी येथे ‘कुटुंब’ याचा अर्थ विवाहावर आधारलेले कुटुंब असा लावला. आई-वडील शारीरिक अथवा नैतिक कारणांमुळे कर्तव्यात कमी पडले, तर अपवादात्मक प्रसंगी राज्यसंस्थेने त्यांची जागा घ्यावी, अशी तरतूद अनुच्छेद ४२ मध्ये होती. परंतु कुटुंबाला असलेल्या भक्कम संरक्षणामुळे अशा हस्तक्षेपाची कसोटी फार कठोर राहिली.

या व्यवस्थेतील उणिवा काही प्रकरणांतून उघड झाल्या. किलकेनी येथे एका मुलीवर वडिलांकडून वर्षानुवर्षे अत्याचार झाले. रुग्णालये व समाजसेवा यंत्रणा यांच्याशी तिचा वारंवार संबंध येऊनही तिला वेळेवर संरक्षण मिळाले नाही. कॅथरीन मॅकगिनेस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली या प्रकरणाचा अहवाल दिला आणि बालकांच्या हक्कांचा घटनेत स्पष्ट उल्लेख करण्याची शिफारस केली. आयर्लंडने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारनाम्यास १९९२ सालीच मान्यता दिली होती.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘बेबी अ‍ॅन’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण आले. दत्तक देण्याच्या हेतूने एका दांपत्याकडे सोपविलेल्या बालिकेच्या जन्मदात्यांनी पुढे विवाह केला व तिला परत मागितले. विवाहामुळे त्यांना घटनेतील ‘कुटुंबाचा’ दर्जा प्राप्त झाला. बालकाचे हित अशा कुटुंबातच असते हे गृहीतक मोडण्याइतके सबळ कारण नसल्याने दोन वर्षांची ती बालिका जन्मदात्यांकडे देण्याचा निर्णय झाला. आई-वडिलांच्या वैवाहिक स्थितीवर बालकाचे भवितव्य अवलंबून असावे काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला.

दुरुस्तीचे स्वरूप

प्रस्तावित दुरुस्तीने घटनेत ‘४२ अ’ हा नवा अनुच्छेद सुचविला. त्यातील प्रमुख तरतुदी अशा होत्या :

१. सर्व बालकांचे नैसर्गिक हक्क राज्यसंस्था मान्य करील आणि शक्य तेथवर कायद्याद्वारे त्यांचे रक्षण करील.

२. बालकाच्या सुरक्षिततेवर वा कल्याणावर विपरीत परिणाम होण्याचा संभव असेल इतपत आई-वडील कर्तव्यात चुकल्यास, अपवादात्मक प्रसंगी, त्यांची वैवाहिक स्थिती न पाहता, राज्यसंस्थेला प्रमाणशीर उपायांनी हस्तक्षेप करता येईल.

३. आई-वडील कायद्याने ठरविलेल्या काळापर्यंत कर्तव्यात अपयशी ठरल्यास आणि बालकाचे हित तसे मागत असल्यास दत्तकविधानाची तरतूद कायद्याने करता येईल. विवाहित आई-वडिलांनाही स्वेच्छेने मूल दत्तक देता येईल.

४. संरक्षण, दत्तकविधान, ताबा व पालकत्व यांविषयीच्या न्यायालयीन कार्यवाहीत बालकाचे हित सर्वोपरी राहील. वय व समज लक्षात घेऊन बालकाच्या मताला योग्य ते महत्त्व दिले जाईल.

यातील दुसरी तरतूद बारकाईने पाहण्याजोगी आहे. जुन्या शब्दरचनेत भर आई-वडिलांच्या चुकीच्या कारणावर होता. नव्या रचनेत तो त्या चुकीच्या बालकावर होणाऱ्या परिणामाकडे वळला. ‘अपवादात्मक’ हा शब्द कायम राहिला आणि ‘प्रमाणशीर’ या शब्दाची भर पडली.

मतदारांपुढील पेच

सर्व प्रमुख पक्षांनी व अनेक बालकल्याण संस्थांनी दुरुस्तीला पाठिंबा दिला. विरोधकांचा आक्षेप बालहक्कांना नव्हता. त्यांचा अविश्वास राज्यसंस्थेवर होता. या अविश्वासाला आधारही होता. २००९ सालच्या रायन आयोगाच्या अहवालाने धार्मिक संघांच्या ताब्यातील औद्योगिक शाळांमध्ये झालेला बालकांचा छळ उजेडात आणला होता. त्या शाळांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी सरकारी खात्याचीच होती. २००० ते २०१० या काळात राज्याच्या ताब्यातील किंवा बालकल्याण यंत्रणेला ठाऊक असलेल्या १९६ बालकांचे व तरुणांचे मृत्यू झाल्याचे २०१२ सालच्या एका अहवालात नमूद झाले. ज्या यंत्रणेने बालकांना सांभाळले नाही तिलाच अधिक अधिकार का द्यावेत, गरीब कुटुंबांची मुले यातून सहज हिरावली जाणार नाहीत काय, असे प्रश्न विचारले गेले. समर्थकांचे उत्तर असे होते की, घटनेत हक्क नमूद झाल्यावर राज्यसंस्थेलाही त्या हक्कांबाबत जाब विचारता येईल.

निकाल आणि न्यायालयाची भूमिका

सरकारी पैशाने सार्वमताच्या एका बाजूचा प्रचार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरविले होते. तरीही या वेळी सरकारने काढलेली पुस्तिका व संकेतस्थळावरील काही मजकूर निःपक्षपाती नसल्याचा निर्णय मतदानाच्या दोनच दिवस आधी, ८ नोव्हेंबर २०१२ रोजी, न्यायालयाने दिला. केवळ ३३.५ टक्के मतदारांनी मतदान केले. त्यांपैकी सुमारे ५८ टक्के मते दुरुस्तीच्या बाजूने व सुमारे ४२ टक्के विरोधात पडली. निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेले. ते एप्रिल २०१५ मध्ये अखेर फेटाळले गेल्यानंतर २८ एप्रिल २०१५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने दुरुस्ती अमलात आली. तिला अनुसरून २०१७ साली दत्तकविधानाच्या कायद्यात बदल करण्यात आले.

कुटुंबविषयक अनुच्छेद ४१ मात्र कायम राहिला. कुटुंबाची व्याख्या विवाहापलीकडे नेणारा प्रस्ताव ८ मार्च २०२४ रोजीच्या सार्वमतात सुमारे ६८ टक्के मतांनी फेटाळला गेला.

भारताशी तुलना

आयर्लंडमध्ये प्रत्येक घटनादुरुस्ती संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या मंजुरीनंतर सार्वमतास टाकावी लागते. तेथे झालेल्या मतदानातील साधे बहुमत पुरते; किमान मतदानाची अट नाही. भारतात अनुच्छेद ३६८ नुसार संसदेचे विशेष बहुमत आणि काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. सार्वमताची तरतूद नाही. अनुच्छेद ३९ (फ) मधील बालकांच्या निकोप विकासाची सध्याची तरतूद १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. २००२ सालच्या ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१ अ अन्वये ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. बालकाचे सर्वोत्तम हित, त्याचा सहभाग आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय ही तत्त्वे भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये आहेत. आयर्लंडने यांपैकी पहिल्या दोन तत्त्वांना थेट घटनेत स्थान दिले, हा मूलभूत फरक होय.

आयर्लंडच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. बालकाला घरातील अत्याचारापासून वाचविण्यासाठी राज्यसंस्थेला अधिकार द्यावे लागतात आणि त्या अधिकारांपासून कुटुंबाला वाचविण्यासाठी त्यांना मर्यादाही घालाव्या लागतात. घटना ही मर्यादा आखून देऊ शकते. प्रशिक्षित समाजसेवक, पुरेसा निधी आणि जागरूक न्यायालये यांच्याविना मात्र ती कागदावरच राहते.