कंपवातावरील संशोधन : पैसा कशासाठी लागतो?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरू लागला, पाऊल अडखळू लागले, की आपण म्हणतो, "वय झालं आता." पण वाचकहो, दर वेळी ते वयच असते असे नाही. तो कंपवात असू शकतो. इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा रोग असेही म्हणतात.

आपल्या मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचालींवर ताबा ठेवायला ते लागते. या पेशी मरत गेल्या, की हात कापतो, अंग ताठरते, चाल मंदावते. लेव्होडोपा हे औषध डोपामिनची उणीव भरून काढते आणि रोग्याला हिंडते-फिरते ठेवते. परंतु पेशी मरायच्या थांबत नाहीत. फुटलेल्या तळ्यात वरून पाणी ओतत राहावे, तसा हा प्रकार. फूट बुजवणारे औषध अजून सापडलेले नाही.

ते शोधायला पैसा लागतो, आणि घोडे तिथेच अडते. दहा प्रयोग करावेत तेव्हा एखादा साधतो. अशा बेभरवशाच्या कामात औषध कंपन्या सहजासहजी पैसा घालत नाहीत.

अमेरिकेतील सिनेनट मायकेल जे. फॉक्स यांना १९९१ मध्ये, ऐन तारुण्यात, हा रोग असल्याचे कळले. सात वर्षे त्यांनी तो लोकांपासून लपवला. १९९८ मध्ये उघड सांगितले आणि २००० साली संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था काढली. धनिकांनी दिले, तसे रोग्यांच्या साध्या कुटुंबांनीही दिले.

या संस्थेने २०१० मध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. रोगी आणि निरोगी अशा दोघांचीही वर्षानुवर्षे तपासणी झाली. तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये, फळ दिसले. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात या रोगातले बिघडलेले प्रथिन ओळखता येते, आणि काहींच्या बाबतीत हातापायांची लक्षणे दिसण्याआधीच, असे सिद्ध झाले. पेशी शिल्लक आहेत तोवर नवी औषधे देऊन पाहण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

आपल्या शेतकऱ्यांनी तर या संशोधनाकडे लक्ष द्यायलाच हवे. कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना होणारा कंपवात हा धंद्यातून जडणारा रोग आहे, असे फ्रान्सने २०१२ साली मान्य केले. तेव्हा फवारताना हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याकडे पाठ ठेवा. घरी कोणाचा हात कापत असेल तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतो हे खरे. पण तो किती असेल याचा नेम नाही. त्या मनाने खाऊ नका, आणि चालू औषध मनाने बंदही करू नका.

दुष्काळातही शहाणा शेतकरी बियाण्याच्या धान्याला हात लावत नाही. संशोधनाचा पैसा हे असेच बियाणे आहे. आज पेरले तर आपल्या नातवंडांच्या पदरात पडेल.