संगणकातील संगणक अडतो तेव्हा
(बी.सी.ए., तृतीय वर्ष)

‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसांच्या बाबतीत ती किती खरी ते थोरांनी ठरवावे. संगणकाच्या बाबतीत ती पुरेपूर खरी आहे, हे मला गेल्या वर्षी प्रकल्प-परीक्षेच्या आदल्या रात्री कळून चुकले. आभासी यंत्र, म्हणजे ज्याला आपण प्रयोगशाळेत ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतो, ते सुरूच होईना किंवा त्याला नेटवर्क मिळेना, तर दोष कसा हुडकावा हे त्या रात्रीच्या हकीकतीच्या आधारे सांगण्याचा विचार आहे. माझ्या मागून येणाऱ्या विद्यार्थी बंधुभगिनींची एखादी रात्र जरी यामुळे वाचली, तरी लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

आमचा प्रकल्प साधाच होता. माझ्या गावच्या वाचनालयात मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांतील जुनी पुस्तके आहेत. त्यांची हस्तलिखित नोंदवही पावसाळ्यात छप्पर गळून भिजली व पाने एकमेकांस चिकटू लागली. ती पुरती जाण्याआधी मी आणि माझ्या वर्गमित्राने सुमारे चौदाशे नोंदी संगणकात उतरवून घेतल्या. मराठी नोंदी मी केल्या, कानडी त्याने; कारण मला कानडी बोलता येते, पण जुन्या वळणाचे हस्ताक्षर लागत नाही. त्यानंतर ती वही वाचण्याजोगी राहिली नाही. वाचनालयात काय आहे, याचा पुरावा म्हणून उरल्या त्या आमच्या नोंदी.

या नोंदी प्रयोगशाळेतील एका संगणकावर होत्या. संगणकात विंडोज, विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स, व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू लिनक्स आणि त्यात आमची ग्रंथसूची, अशी ही डब्यात डबी होती. राखीव प्रत ठेवण्यासाठी त्याच आभासी यंत्राला आम्ही दुसरी एक आभासी डिस्क जोडली होती. सुट्टीत सर्व संगणक पुसून नव्याने बसवले जातील अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा मी मुख्य डिस्कची फाइल पेनड्राइव्हवर घेतली. दुसरी घेतली नाही. “राखीवच तर आहे,” असे मी म्हणालो. हे वाक्य मला अजून टोचते.

आता आभासी यंत्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एखाद्या मोठ्या वाड्यात मालक बिऱ्हाडकरू ठेवतो, तसा आपला खरा संगणक आपल्या प्रोसेसरचा, स्मृतीचा व डिस्कचा काही भाग देऊन पोटात दुसरा संगणक ठेवतो. आत राहणाऱ्या लिनक्सला वाटते, हे स्वतंत्र घर आहे. त्याची हार्ड डिस्क म्हणजे वस्तुतः मालकाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम ३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. व्हर्च्युअलबॉक्स २००७ पासून सर्वांना मोकळेपणी मिळू लागले.

परीक्षेला प्रकल्प स्वतःच्या यंत्रावर दाखवायचा होता. म्हणून आदल्या सायंकाळी मित्राच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स बसवले, नवे आभासी यंत्र तयार केले आणि त्याला आमची जुनी डिस्क जोडली. एक गोष्ट मात्र नशिबाने नीट केली. पेनड्राइव्हवरील फाइल लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्ह कपाटात ठेवून दिला. दुरुस्ती करायची ती प्रतीवर, मूळ वस्तूवर नाही, हा पहिला नियम समजावा.

यंत्र सुरू करताच पहिला अडसर आला. व्हीटी-एक्स बंद आहे असा संदेश दाखवून व्हर्च्युअलबॉक्स थांबले. वाड्यात बिऱ्हाडकरू ठेवण्याची परवानगी प्रोसेसरकडून घ्यावी लागते आणि पुष्कळ लॅपटॉपांत ती मुळात बंद ठेवलेली असते. लॅपटॉप चालू करताना एफ२ किंवा एफ१० यांसारखी, कंपनीगणिक बदलणारी कळ दाबून बायोसमध्ये जावे व ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ हा पर्याय चालू करावा. एएमडीच्या प्रोसेसरवर त्याला ‘एसव्हीएम’ म्हणतात. येथे आभासी यंत्राचा काहीच दोष नसतो. ते बिचारे अजून दारातही आलेले नसते.

दुसऱ्या खेपेस काळ्या पडद्यावर पिवळी-पांढरी अक्षरे उमटली आणि शेवटी ‘शेल’ असा शब्द येऊन यंत्र स्वस्थ बसले. मित्र म्हणाला, “डिस्कच खराब झाली बघ. सगळं पुसून नवीन घालूया की. तासाभरात होतंय.”

मी म्हटले, “यंत्र तासाभरात होतंय रे. नोंदी कुठून आणायच्या?”

तो गप्प झाला. कारण त्यातील निम्म्या नोंदी त्याच्या हातच्या होत्या.

कारण अगदी क्षुल्लक निघाले. संगणक सुरू होण्याच्या दोन रीती आहेत: जुनी बायोसची व नवी ईएफआयची. आमचे लिनक्स जुन्या रीतीने बसवलेले होते आणि नवे यंत्र तयार करताना मी ‘ईएफआय’च्या चौकटीत खूण केली होती. त्यामुळे यंत्र नव्या जागी दार शोधत राहिले व दार न मिळाल्याने अंगणातच थांबले. खूण काढताच ते पुढे सरकले. ‘बूट करण्याजोगे माध्यम सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर डिस्क जोडलेली आहे काय आणि सुरू होण्याच्या क्रमात तिचे नाव आहे काय, हे आधी पाहावे. हे संदेश म्हणजे डिस्क मेल्याचा दाखला नव्हे.

तिसरा अडसर खरा घाबरवणारा होता. लिनक्स सुरू झाले, पण एका ओळीवर तब्बल दीड मिनिट अडले आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ची पाटी झळकली. मी मात्र या वेळी जरा धीर धरला. पाटी दिसते आहे, याचा अर्थ डिस्क वाचली जाते आहे व लिनक्सचा गाभा उठला आहे. बिघाड त्यानंतरच्या पायरीवर आहे. एंटर दाबून आत गेलो व ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने रोजनिशी उघडली. एका डिस्कची वाट पाहून यंत्र थकले, असे तीत स्वच्छ लिहिले होते. ती डिस्क म्हणजे आम्ही मागे टाकलेली राखीव डिस्क!

लिनक्समध्ये ‘एफएसटॅब’ नावाची एक फाइल असते. सुरू होताना कोणकोणत्या डिस्क हजर हव्यात, याची ती हजेरीपटासारखी यादी असते. यादीतील एक विद्यार्थी गैरहजर, म्हणून मास्तरांनी वर्गच भरवला नाही, असा हा प्रकार. नॅनो या संपादकात ती फाइल उघडून त्या ओळीच्या आरंभी ‘#’ ही खूण घातली, म्हणजे ती ओळ वाचली जात नाही. यंत्र पुन्हा सुरू केले आणि नाव विचारणारी ओळ आली. आत जाऊन पाहिले तर सर्व नोंदी जशाच्या तशा! ज्या डिस्कवाचून अडणार नाही, तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द आधीच लिहून ठेवला, तर हा प्रसंग येत नाही.

राहता राहिले नेटवर्क. येथे मी घाईने तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुंता वाढवला. शेवटी सर्व पूर्ववत केले आणि जिना चढावा तसे एकेक पायरीने गेलो. ती शिडी अशी:

१. यंत्राच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची केबल जोडल्याची खूण आहे काय?
२. आतून ‘आयपी ए’ ही आज्ञा दिल्यावर यंत्राला पत्ता मिळालेला दिसतो काय आणि तो योग्य आहे काय?
३. प्रवेशद्वाराला, म्हणजे गेटवेला, ‘पिंग’ पोहोचते काय?
४. बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, पोहोचते काय?
५. नावाने हाक मारली तर पोहोचते काय?

ज्या पायरीवर पाय निसटतो, तेथेच दोष. अंकाने पोहोचते पण नावाने नाही, तर रस्ता ठीक आहे, केवळ नावांची वही, म्हणजे डीएनएस, हरवली आहे.

आमचा पाय दुसऱ्या पायरीवर निसटला. पत्ता होता, पण जुन्या घरचा! प्रयोगशाळेत आम्ही यंत्राला १९२.१६८.१.५० हा कायमचा पत्ता हाताने दिला होता. तेथे ते ‘ब्रिज्ड’ पद्धतीने जोडलेले होते, म्हणजे बिऱ्हाडकरूची स्वतःची पाटी रस्त्यावर लागलेली. नव्या यंत्राला मात्र व्हर्च्युअलबॉक्सने आपली नेहमीची ‘नॅट’ पद्धत दिली. तीत बिऱ्हाडकरूची सर्व पत्रे मालकाच्या नावाने बाहेर जातात व उत्तरे आली की मालक आत पोहोचवतो. या पद्धतीत पहिल्या कार्डाला सामान्यतः १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि गेटवे १०.०.२.२ असतो. नेटप्लॅनच्या फाइलमधून कायमचा पत्ता काढून ‘डीएचसीपी’ चालू केले, ‘नेटप्लॅन अप्लाय’ ही आज्ञा दिली आणि पाचही पायऱ्या पार झाल्या.

तरी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सूची दिसेना. हा मात्र बिघाड नव्हता. नॅटचा स्वभावच तो. आतून बाहेर पत्र जाते, पण आतल्या बिऱ्हाडाचे नाव बाहेर कोणास ठाऊक नसते. त्यासाठी मालकाला सांगून ठेवावे लागते की ‘८०८० क्रमांकाचे पत्र आले की आतल्या ८० क्रमांकाच्या खोलीत दे.’ यालाच ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. तशी एक ओळ सेटिंगमध्ये भरली आणि पहाटे दोनच्या सुमारास सूचीचे पहिले पान उघडले, अर्धे मराठी, अर्धे कानडी. मित्र एवढेच म्हणाला, “आय्तु नोडु!”

परीक्षा पार पडली. परंतु त्या रात्री शिकलो ते परीक्षेत कोणी विचारले नाही, म्हणून येथे नमूद करतो. यंत्र अडले की ‘काय बिघडले?’ असे विचारण्याआधी ‘ते कुठपर्यंत आले?’ असे विचारावे. जेथवर आले, तेथवरचे सर्व ठीक आहे असे धरून पुढची एकच पायरी तपासावी. एका वेळी एकच बदल करावा व तो कागदावर लिहावा. पडद्यावरचा संदेश शेवटपर्यंत वाचावा. तो इंग्रजीत असतो म्हणून आपण भितो, पण बहुधा उत्तर त्यातच असते. आणि पुसून नव्याने घालणे हा उपाय सर्वांत शेवटचा, कारण यंत्र नवे मिळते, आतले श्रम मिळत नाहीत.

एक गोष्ट राहिली. ज्या संगणकात मूळ वस्तू, त्याच संगणकात ठेवलेली राखीव प्रत ही प्रत नव्हेच. छप्पर गळले तर दोन्ही वह्या एकदमच भिजतात. आता त्या सूचीची एक प्रत माझ्याकडे, एक मित्राकडे व एक कागदावर छापून वाचनालयात आहे. ग्रंथपाल काकांचा संगणकापेक्षा त्या कागदावरच अधिक विश्वास आहे. त्या रात्रीनंतर त्यांना हसण्याचे धाडस मला होत नाही.