हँडल थरथरते, पण दोष कुठे?

पावसाळा सरला की पुण्या-मुंबईच्या बुलेट आणि हिमालयन कोकणाकडे, हंपीकडे निघतात. दोन्ही बाजूंना भरलेल्या सॅडल बॅगा, मागे टॉप बॉक्स आणि त्यावरही बंजी कॉर्डने करकचून बांधलेली एखादी पिशवी. शहरात गाडी गुण्यागोविंदाने चालते. हायवेला लागून काटा ऐंशी-नव्वदकडे सरकला की मात्र हँडल थरथरू लागते, नाहीतर अख्खी गाडीच झुलू लागते. गॅरेजमध्ये तक्रार एका वाक्यात पोहोचते, ‘हँडल वॉबल करतंय, बघा जरा.’ तिथे हँडलचा नट आवळला जातो आणि पुढच्या सहलीत तोच त्रास पुन्हा हजर होतो. हाताला थरथर हँडलमध्ये जाणवते, पण तिचे मूळ बऱ्याचदा टायरमध्ये, मागच्या चाकात किंवा लादलेल्या सामानात असते.

थरथर आणि झुलणे

ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडले. त्यात गाडीच्या डळमळण्याचे प्रकार वेगवेगळे दिसले. आपल्या कामाचे त्यातले दोन. पहिला वॉबल. यात पुढचे चाक आणि हँडल सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा डावी-उजवीकडे थरथरतात. वेग कमी होत असताना, हातांची पकड सैल असेल तर तो जास्त जाणवतो. दुसरा वीव्ह. यात गाडी मागच्या चाकासकट सेकंदाला दोन-चार वेळा झुलते आणि रस्त्यावर नागमोडी जाते. हा जास्त वेगात येतो. मागे बोजा असेल, उंच काच किंवा रुंद डबे वारा धरत असतील, तर तो लवकर येतो.

दोन्हींचे मर्म एकच आहे. हँडलचा कललेला अक्ष रेषेने खाली वाढवला, तर तो टायर टेकतो त्या जागेच्या पुढे रस्त्याला भेटतो. हे अंतर म्हणजे ट्रेल. रस्त्यावरच्या बहुतेक मोटारसायकलींवर ते ८० ते १२० मिलिमीटरच्या आसपास असते. ट्रेलमुळे पुढचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. मात्र टायर रबराचा आहे, चाक वळताक्षणी त्याला पूर्ण जोर मिळत नाही. तो काही अंतर फिरतो तेव्हा जोर येतो. या विलंबामुळे सरळ होऊ पाहणारे चाक पलीकडे जाते आणि मग परत येते. मॉलमधल्या ट्रॉलीचे एखादे चाक वेड्यासारखे फडफडते, ते याच कारणाने. धडधाकट गाडीत ही चाळवाचाळव दुसऱ्या-तिसऱ्या हेलकाव्यात विरते. कुठे सैलपणा, झीज किंवा चुकीचा भार असला की ती विरत नाही, वाढत जाते. म्हणून ‘गाडी कशामुळे हलली?’ यापेक्षा ‘हलल्यावर शांत का होत नाही?’ हा प्रश्न जास्त उपयोगी.

फुकटच्या गोष्टी आधी

पाना हातात घेण्याआधी सामान उतरवून त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहा. त्रास गेला, तर मूळ सापडले. टॉप बॉक्समधला बोजा मागच्या ॲक्सलच्याही मागे आणि उंचावर असतो. त्याने पुढचे चाक हलके होते. जड वस्तू सॅडल बॅगांच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवा, दोन्ही बाजूंचे वजन सारखे करा, टॉप बॉक्समध्ये रेनकोटसारख्या हलक्या गोष्टी राहू द्या. मागे सोबती बसणार असेल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा, नाहीतर गाडीची शेपूट बसते आणि पुढचा भार आणखी घटतो.

मग हवा. टायर थंड असताना मोजा आणि कंपनीने सामानासह चालवण्यासाठी दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. टायरवर हात फिरवा. सरळ हायवे तुडवून मधला भाग सपाट झाला आहे का? कडांना खाचा पडल्या आहेत का? रिमलगतची गोल रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का? नसेल तर टायर रिमवर नीट बसलेला नाही. बाजूच्या चार आकड्यांवरून वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली, तरी जुने कडक रबर भरवशाचे नसते.

मेन स्टँडवरची तपासणी

गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचे चाक फिरवा आणि रिमजवळ पेन्सिल स्थिर धरा. अंतर कमी-जास्त होत असेल तर चाक आऊट आहे. स्पोकवर पाना हलका वाजवा. ताणलेला स्पोक खणखणतो, सैल स्पोक बद्द वाजतो. चाक वर-खाली धरून आडवे हलवा. खेळ जाणवला, तर बेअरिंगकडे लक्ष द्या. मग चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, टोकाशी धरून बाजूंना ढकला. तिथली हालचाल म्हणजे झिजलेला बुश. वीव्हचे हे एक नेहमीचे आणि हमखास दुर्लक्षित कारण आहे. चेन ताणताना मागचे चाक तिरके बसलेले असू शकते. ॲडजस्टरवरच्या खुणांवर विसंबू नका. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून चाके एका रेषेत आहेत का, ते पाहा.

आता पुढचे चाक उचलून धरा. शॉकअपचे खालचे भाग धरून पुढे-मागे ओढा. ‘खट्’ असा खेळ जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, सैल आहे. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्यावर ते अडकून बसत असेल तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडले आहेत. तो कोनसेट आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. गरजेपेक्षा जास्त आवळलेला कोनसेटही घातकच. त्याने हँडलला स्वतःहून सरळ होता येत नाही आणि कमी वेगातही गाडी भरकटते.

एका वेळी एकच बदल करा. मग त्याच रस्त्यावर, तेवढ्याच सामानासह, सुरक्षित वेगात चालवा आणि नोंद ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल कदाचित, पण दोष कळणार नाही. हात सोडून परीक्षा घेण्याचा मोह कटाक्षाने टाळा. स्टीअरिंग डॅम्पर थरथर दाबतो. मात्र झिजलेला टायर आणि सैल बुश तसेच राहतात. म्हणून हा उपाय सगळ्यात शेवटी.

वाटेतच वॉबल सुरू झाला तर हँडल आवळून धरू नका आणि पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग थोडे पुढे झुकवा, थ्रॉटल हळूहळू सोडा आणि वेग उतरू द्या. थांबल्यावर आधी हवा आणि सामान बघा.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा ‘हँडल हलतंय’ एवढ्यावर थांबू नका. किती वेगाला हलते, वेग वाढताना की उतरताना, सामानासह की रिकाम्या गाडीवर आणि त्याआधी काय बदलले होते, हे सांगा. चांगल्या मेकॅनिकचे अर्धे काम या चार उत्तरांत होते. हे सगळे निघण्याच्या पहाटे उरकण्याचे काम नाही. आठवडाभर आधी पूर्ण सामान लादून हायवेवर एक फेरी मारा. त्या फेरीत सापडलेला दोष दुरुस्त करायला हाताशी वेळ असतो, ओळखीचे गॅरेज असते. घाटात सापडला तर दोन्ही नसतात, आणि मागे बसलेल्या माणसाचा जीवही आपल्याच भरवशावर असतो.