भंगाराच्या दारावरचा जुना प्रोब

कुर्ल्याच्या भंगार बाजारात लोखंड, तांबे आणि मोडीत निघालेली यंत्रे येत असतात. त्यात एखादा किरणोत्सारी तुकडा मिसळला, तर तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच घडले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० तेथे उघडा पडला. संशय आला तो माणसे आजारी पडल्यावर. त्यांतील एक दगावला.

असे तुकडे हुडकायला सिंटिलेशन प्रोब वापरतात. सिंटिलेशन म्हणजे क्षणिक चमक. किंचित थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात गॅमा किरण शोषला गेला, की निळसर-जांभळी चमक उमटते. (हा गुण रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ साली दाखवला.) सीझियम-१३७ चा ६६२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण पूर्ण शोषला गेला तर सुमारे २५,००० प्रकाशकण निघतात. स्फटिकाला जोडलेली प्रकाशगुणक नलिका या प्रकाशातून इलेक्ट्रॉन मिळवते आणि ते साधारण दहा लाख पटींनी वाढवते. किरणाची ऊर्जा जास्त तितका स्पंद मोठा. गायगर नळी नुसती मोजते. हा प्रोब किरण कोणाचा तेही सांगतो.

नवा प्रोब महाग, म्हणून डागडुजी केलेले जुने घेतले जातात. त्यात बहुधा दगा देते ती स्फटिकाची हवाबंद डबी. सोडियम आयोडाइड ओलावा ओढून घेतो, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते तसेच. डबीला बारीक चीर गेली की स्फटिक पिवळा पडतो, आणि पिवळा रंग नेमका निळा-जांभळा प्रकाशच गिळतो. असा स्फटिक टाकून द्यावा. बाहेरून रंग लावून तो सुधारत नाही. स्फटिक आणि नलिका यांमधले सिलिकॉन ग्रीस वाळले असेल, तर मात्र ते बदलून भागते. नलिकेवर सुमारे हजार व्होल्ट असताना प्रोब उघडू नये. उजेडाने नलिका निकामी होते, आणि माणसाला झटका बसतो तो वेगळाच.

दुरुस्त प्रोब शून्य दाखवू लागला तर निर्धास्त होऊ नये. विटा, दगड आणि विश्वकिरण यांमुळे कोणत्याही खोलीत थोडी मोजणी होतच राहते. शून्य म्हणजे प्रोब बंद. तपासणीसाठी खताच्या दुकानातले म्युरिएट ऑफ पोटॅश पुरते. एक किलो पोटॅशमधील पोटॅशियम-४० मधून दर सेकंदाला दीड हजारांहून अधिक गॅमा किरण निघतात. प्रोबशेजारी आधी एक किलो साधे मीठ ठेवून दहा मिनिटे मोजावे, मग तेवढेच पोटॅश ठेवून. (कमी सोडियमचे मीठ नको, त्यात पोटॅशियमच असते.) दोन आकड्यांत स्पष्ट फरक दिसला नाही, तर तो प्रोब भंगाराच्या दारावर बसवू नये.