विद्यापीठाचे स्टेडियम आणि शेजाऱ्यांची तक्रार

अमेरिकेतील विद्यापीठ आणि त्याच्या भोवतीचे नगर यांच्या संबंधांचा विचार करू लागले असता ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा वसतिगृह यांपेक्षा एका निराळ्याच वास्तूपाशी अभ्यासकाला अधिक काळ थांबावे लागते. ती वास्तू म्हणजे फुटबॉलचे स्टेडियम. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. चेंडू हाती धरून प्रतिपक्षाच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा हा खेळ आहे. शरद ऋतूतील मोजक्या शनिवारी, म्हणजे वर्षातून सहा-सात वेळाच, विद्यापीठाचा संघ घरच्या मैदानावर उतरतो. पण त्या सहा-सात दिवसांसाठी उभारलेल्या वास्तू केवढ्या! ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. त्या नगराची एकूण लोकवस्ती याहून फारशी अधिक नाही.

अशी वास्तू आपल्या घराशेजारी उभी राहणार असे कळल्यावर रहिवाशांनी विरोध करावा, यात नवल नाही. विरोधाची कारणेही सर्वत्र सारखीच असतात : गर्दी, गोंगाट, दारापुढे लावलेल्या मोटारी, मद्यपी प्रेक्षक, आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली एक भावना, ती ही की, आपल्या परिसराविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता झाला. नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. ही कारणे न्यायालयात किंवा नगरपरिषदेत जशीच्या तशी जवळजवळ कधीच पोचत नाहीत. शेजाऱ्याचे खरे दुःख एक असते आणि कायद्याला ऐकू येणारे दुःख दुसरे असते. पहिल्याचे दुसऱ्यात भाषांतर करावे लागते, आणि या भाषांतरात काही मिळते तसे पुष्कळ हरवतेही. ते कसे, हे कॅलिफोर्नियातील बर्कली येथील उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. कारण तेथे एकाच टेकडीच्या पायथ्याशी, एकाच स्टेडियमवरून, सुमारे ऐंशी वर्षांच्या अंतराने दोन वाद झाले.

पहिला वाद १९२० नंतरच्या दोनतीन वर्षांतला. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅलिफोर्नियाच्या सुपुत्रांचे स्मारक म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाने वर्गणी गोळा करून स्टेडियम बांधावयाचे ठरविले. जागा निवडली ती विद्यापीठाच्या पूर्व कडेला, स्ट्रॉबेरी कॅनियन नावाच्या दरीच्या मुखाशी. दरी रम्य, झाडीची. वरच्या उतारावर घरे. रहिवाशांनी आणि निसर्गप्रेमी नागरिकांनी विरोध केला. परंतु विरोध कशाच्या आधारे करावयाचा? येथे बर्कलीच्या इतिहासातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. भूवापराचे नियम करून केवळ स्वतंत्र घरांसाठी वस्त्या राखून ठेवणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या नगरांपैकी बर्कली हे एक होय. तसा नियम तेथे १९१६ मध्येच झाला. तथापि कॅलिफोर्निया विद्यापीठ हे राज्याच्या संविधानाने निर्माण केलेले मंडळ आहे. त्याचा कारभार रीजेंट्स नामक नियामक मंडळाकडे असून, विद्यापीठाच्या कार्यासाठी वापरावयाच्या जमिनीवर नगराचे भूवापराचे नियम चालत नाहीत. शेजाऱ्याने आपल्या आवारात दुकान थाटले तर नगर ते बंद करू शके; विद्यापीठाने सत्तर हजारांचे स्टेडियम उभारले तर मात्र नगराला हात जोडण्यापलीकडे काही करता येत नसे. तेव्हा त्या वेळच्या विरोधकांना सौंदर्याची आणि सद्भावनेची भाषाच तेवढी उपलब्ध होती. ती ऐकली गेली नाही. २४ नोव्हेंबर १९२३ रोजी स्टेडियममध्ये पहिला सामना झाला.

(या नियमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वतंत्र घरांच्या वस्त्या राखण्याच्या या धोरणाचा उपयोग कृष्णवर्णीयांना व आशियाई लोकांना त्या वस्त्यांबाहेर ठेवण्यासाठी झाला. बर्कलीच्या नगरपरिषदेने २०२१ मध्ये ही गोष्ट ठरावाद्वारे मान्य केली. ‘शेजार’ हा शब्द उच्चारताना तो निष्पाप आहे असे धरून चालण्याचे कारण नाही.)

स्टेडियमच्या जागेत आणखी एक दोष होता. हेवर्ड भ्रंश या नावाने ओळखली जाणारी भूकवचातील भेग बरोबर त्या जागेखालून, जवळजवळ एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाते. १८६८ मध्ये याच भ्रंशावर मोठा भूकंप झाला होता. बांधणाऱ्यांना भ्रंशाची कल्पना होती. म्हणूनच त्यांनी स्टेडियमच्या भिंतींत सांधे ठेवून तिचे दोन भाग सुटे राखले. भ्रंशाच्या दोन बाजू भूकंपाविनाही हळूहळू एकमेकींना घासून सरकत असतात, आणि पुढे ते सांधे उघड्या डोळ्यांना दिसतील इतके सरकलेही. परंतु १९२३ मध्ये हा स्थापत्याचा प्रश्न होता, कायद्याचा नव्हता.

तो कायद्याचा प्रश्न पुढे झाला. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाने पर्यावरण गुणवत्ता अधिनियम केला. त्यान्वये कोणत्याही सार्वजनिक संस्थेला मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याच्या परिणामांचा अहवाल तयार करून तो लोकांपुढे ठेवणे भाग झाले, आणि अहवाल अपुरा असल्यास नागरिकांस न्यायालयात जाण्याची वाट मोकळी झाली. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर, १९७२ मध्ये, अल्क्विस्ट-प्रिओलो हा दुसरा कायदा आला. जिवंत भ्रंशाच्या रेषेवर माणसांच्या वापराची नवी इमारत बांधू नये, आणि जुन्या इमारतीत भर घालावयाची वा फेरबदल करावयाचा तर त्याचा खर्च इमारतीच्या मूल्याच्या निम्म्याहून अधिक असू नये, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. हे दोन्ही कायदे स्टेडियमच्या शेजाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले नव्हते. पण विद्यापीठाला नगराचे नियम लागू नसले तरी राज्याचे हे कायदे लागू होते, आणि शेजाऱ्यांच्या हाती प्रथमच एक शस्त्र आले.

२००६ च्या अखेरीस रीजेंट्सनी स्टेडियमच्या पश्चिम भिंतीला लागून खेळाडूंसाठी प्रशिक्षणकेंद्र बांधण्यास मान्यता दिली. त्यामागोमाग स्टेडियमची पुनर्रचना व्हावयाची होती. केंद्राच्या जागेवर ओक वृक्षांची राई होती. बर्कली नगर, पॅनोरमिक हिल या टेकडीवरील रहिवाशांचा संघ आणि कॅलिफोर्निया ओक फाउंडेशन यांनी दावे दाखल केले. टेकडीवरील लोकांची स्थिती समजून घेण्यासारखी आहे. त्यांच्या घरांकडे जाणारा वाहता रस्ता एकच, तोही अरुंद व वळणांचा, आणि त्याचे तोंड स्टेडियमच्याच बाजूला. १९९१ मध्ये जवळच्या ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात २५ माणसे दगावली होती. सामन्याच्या दिवशी आग लागली वा भूकंप झाला तर बाहेर कसे पडावयाचे, ही त्यांची शंका सामान्य माणसाच्या बुद्धीला सहज पटणारी आहे. तथापि दाव्यात या शंकेला दुय्यम स्थान मिळाले. मुख्य प्रश्न झाला तो असा : प्रशिक्षणकेंद्र ही स्वतंत्र इमारत म्हणावयाची की स्टेडियमलाच घातलेली ‘भर’? भर ठरली तर निम्म्या मूल्याची मर्यादा आड येणार; स्वतंत्र ठरली तर नाही.

न्यायालयात हा सूक्ष्म विचार चालू असता राईत निराळेच नाट्य घडत होते. २ डिसेंबर २००६ पासून काही तरुण झाडांवर चढून राहिले. जानेवारी २००७ मध्ये नव्वद वर्षांच्या सिल्व्हिया मॅक्लॉग्लिन, माजी महापौर शर्ली डीन आणि नगरपरिषदेच्या सदस्या बेटी ओल्ड्स या तीन वयोवृद्ध स्त्रियाही काही काळ वर चढून बसल्या. मॅक्लॉग्लिनबाई सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील भराव थांबविणाऱ्या चळवळीच्या संस्थापिकांपैकी एक. त्यांचे छायाचित्र सर्वत्र छापून आले. वृत्तपत्रांच्या दृष्टीने मग हा वाद झाडांचा झाला. विद्यापीठाने उत्तर दिले की, यातील बहुतेक झाडे १९२३ च्या सुमारास स्टेडियमबरोबरच लावलेली आहेत, ती काही आदिम अरण्याचा अवशेष नव्हेत. उत्तर चुकीचे नव्हते. पण टेकडीवरील माणसाचा प्रश्न झाडांच्या वयाचा कधीच नव्हता.

शेजाऱ्यांचे हितसंबंधही एकच नसतात, याचे एक गमतीचे उदाहरण येथे नोंदवितो. स्टेडियमच्या वर पूर्वेकडे एक उतार आहे. तिकीट न काढता तेथे बसून सामना पाहण्याची प्रथा स्टेडियमइतकीच जुनी असून त्या जागेला लोक टाइटवॉड हिल, म्हणजे ‘कंजुषांची टेकडी’ म्हणतात. नव्या रचनेत पूर्वेची बाजू उंच झाली तर आपले फुकटचे दर्शन बंद होईल, या भीतीने या मंडळींनीही त्याच पर्यावरण अधिनियमाखाली दावा लावला. एकाला सामना नको होता, दुसऱ्याला तो हवा होता. भाषा मात्र दोघांनी एकच वापरली.

जानेवारी २००७ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम मिळाला आणि काम सुमारे दीड वर्ष थांबले. जून २००८ च्या निर्णयात प्रशिक्षणकेंद्र ही मुख्यतः स्वतंत्र इमारत ठरली. तथापि स्टेडियमच्या भिंतीला आधार देणारी एक तुळई व तत्सम काही भाग हे स्टेडियममधील फेरबदल ठरत होते. तसेच फुटबॉलव्यतिरिक्त आणखी काही मोठे कार्यक्रम स्टेडियममध्ये भरविण्याच्या योजनेचे समर्थन अहवालात पुरेसे नव्हते. विद्यापीठाने तुळई गाळली, वाढीव कार्यक्रमांची योजना सोडली, आणि मनाईहुकूम उठला. नगराने अपील न करण्याचे ठरविले. ९ सप्टेंबर २००८ रोजी शेवटचे आंदोलक झाडावरून उतरले; राई तोवर बहुतांशी तुटली होती. इतर वादींनी केलेले अपील २०१० मध्ये फेटाळले गेले. पुनर्रचित स्टेडियम १ सप्टेंबर २०१२ रोजी उघडले. त्याचा खर्च सुमारे ३२ कोटी डॉलर झाला.

या निकालाला केवळ पराभव म्हणणे बरोबर होणार नाही. माझ्या मते शेजाऱ्यांना मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सोडून दिलेले ते वाढीव कार्यक्रम. कारण गर्दी हीच मूळ तक्रार होती. गंमत अशी की, ज्या मुद्द्यांवर वर्तमानपत्रांत रणे माजली, त्या झाडांच्या आणि भ्रंशाच्या मुद्द्यांवर त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही, आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते तेथे मिळाले.

परंतु एक प्रश्न मांडावयाला कायद्यात जागाच नव्हती. विद्यापीठाने एवढा पैसा या वास्तूत का घालावा? क्रीडाविभाग आसनांच्या दीर्घ मुदतीच्या विक्रीतून कर्ज फेडील असा हिशेब होता. तो जमला नाही, आणि २०१८ मध्ये कर्जाचा मोठा भाग विद्यापीठाच्या मध्यवर्ती निधीवर घ्यावा लागला. हा प्रश्न शेजाऱ्यांइतकाच प्राध्यापकांचा व विद्यार्थ्यांचाही होता. पर्यावरणाच्या अहवालात धूळ, वाहने आणि आवाज यांची मोजदाद असते, शहाणपणाची नसते.

विद्यापीठ खाजगी असले म्हणजे चित्र पालटते. शिकागोच्या उत्तरेस इव्हॅन्स्टन येथे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. १८५५ च्या सनद-दुरुस्तीने त्याची मालमत्ता करमुक्त झाली; सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये ती सवलत उचलून धरली, आणि तेव्हापासून नगरवासी व विद्यापीठ यांच्यात या कारणाने तेढ राहिली आहे. पण या विद्यापीठाला नगराचे भूवापराचे नियम लागू आहेत. १९२६ चे जुने स्टेडियम पाडून सुमारे ८० कोटी डॉलर खर्चाचे, ३५,००० आसनांचे म्हणजे पूर्वीपेक्षा लहानच, स्टेडियम बांधण्याची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा खरा वाद वास्तूवर नव्हताच. तेथे तिकिटे लावून संगीताचे मोठे जलसे करू द्यावेत, एवढ्यासाठी नियम बदलावयाचा होता. रहिवासी प्रत्येक सभेला येऊन बोलले. विद्यापीठाने जलशांची संख्या कमी करीत वर्षाला सहांवर आणली, आणि नगराला अनेक वर्षांत मिळून १५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचे लाभ देऊ केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जलशांच्या प्रश्नावर परिषदेत समसमान मते पडली. महापौर डॅनियल बिस यांच्या निर्णायक मताने प्रस्ताव संमत झाला. येथे तक्रारीचे भाषांतर झाले ते पैशात. बर्कलीत शेजाऱ्याला भूगर्भशास्त्र शिकावे लागले, इव्हॅन्स्टनमध्ये अंकगणित. स्टेडियमपासून थोड्याच अंतरावर इव्हॅन्स्टनची हद्द संपून विल्मेट हे गाव लागते. तेथील रहिवाशांना गोंगाट तोच ऐकू येणार. पण त्यांना इव्हॅन्स्टनच्या परिषदेत मतही नव्हते आणि करारात वाटाही नव्हता.

कायद्याची भाषा स्थिर राहत नाही, हेही बर्कलीतच दिसून आले. पीपल्स पार्क या मोकळ्या जागेवर विद्यार्थ्यांसाठी निवास बांधण्याविरुद्धच्या दाव्यात, विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांच्या गोंगाटाचा विचार पर्यावरण अहवालात व्हावयास हवा होता, असा निर्णय अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून निवासी प्रकल्पांत राहणाऱ्यांचा व त्यांच्या पाहुण्यांचा आवाज हा पर्यावरणावरील परिणाम मानू नये असे ठरविले, आणि २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. हा बदल निवासांपुरता आहे. स्टेडियममधील हजारो प्रेक्षकांच्या आवाजाला तो लागू होत नाही.